फुल्ली-गोळा

स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद,
दर रविवारी नवा.
आडवे सात वार, उभी पाच नावं.
जेवायला असशील तर फुल्ली,
रांधणार असशील तर गोळा.
काहीच काढलं नाहीस
तर तुझं तू बघ, पाव कपाटात आहे.

ग्रोनिंगनमधल्या या घराचा जिना इतका उभा
की सामान घेऊन चढताना
कठड्याची दोरी दातांत धरावीशी वाटते.
खाली बोळात अकरा सायकली एकमेकींत अडकलेल्या,
त्यातल्या चार कुणाच्या, कुणालाच ठाऊक नाही.
संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर,
आमच्याआधी राहून गेलेल्यांचीही नावं त्यावर.
कुणी एक रूली, नऊ फेब्रुवारी.
तिला आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही,
पण त्या दिवशी तिथे बसलं
की मनातल्या मनात शुभेच्छा देऊन होतात.

हिशेब वीत्स्केकडे.
हिरवं पेन, चौकटींची वही.
ती दहा सेंटही सोडत नाही.
'लोणी, अर्धं, मंगळवारी रात्री. कोण?'
असं एक पान महिनाभर उघडं होतं.
(मी.)

बुधवारचा गोळा योरितचा.
बुधवार म्हणजे केल घालून ठेचलेला बटाटा,
मधोमध खड्डा, खड्ड्यात रस्सा.
'पुन्हा तेच,' सुफ्यान कुरकुरतो,
सॉसेजऐवजी स्वतःपुरतं अंडं तळून घेतो
आणि बटाटा दोनदा वाढून घेतो.

त्या बुधवारी फोन आला तेव्हा
योरितच्या हातात बटाटा होता,
साल अर्धी सुटून लोंबणारी.
त्याने तो पाण्यात ठेवला नाही,
ओट्यावर ठेवला, सुरीशेजारी, नीट,
जणू परत येऊन सोलायचाच आहे.
बाबा, म्हणाला. गोठ्यातच.
अनूकने त्याला सायकलच्या मागे बसवून
स्टेशनवर सोडलं.
परत आली तेव्हा म्हणाली,
वाटेत तो एवढंच बोलला, डावीकडे वळ.

उरलेले बटाटे आम्ही सोलले.
मीठ घालायचं राहिलं.
कुणी काही बोललं नाही, संपवलं.

रविवारी नवा कागद लागला.
योरितच्या नावापुढे सातही फुल्ल्या.
हिरव्या.
पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही.
आम्ही पाचजणांचं रांधत राहिलो,
पाचवं ताट झाकून फ्रिजमध्ये.
दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते गार खायचे,
उभ्याउभ्याच,
परक्याचं खाल्ल्यासारखं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो आला.
अंगात बापाचा रेनकोट, बाह्या लांब,
हातात चीजचा एक अख्खा गोल.
जिना चढून धापा टाकत कागदापुढे उभा राहिला.
वीत्स्केने वही उघडली.
'एकवीस जेवणं. अडीचप्रमाणे
बावन्न युरो पन्नास.'

सुफ्यान खोकला. अनूकने टेबलाकडे पाहिलं.
मला वाटलं, आता हिला कुणीतरी आवरा.

'पण मी जेवलो कुठे?'
'फुल्ली होती,' ती म्हणाली.
'फुल्ली म्हणजे फुल्ली.'

तो हसला.
हसता हसता फ्रिजला टेकला,
लोहचुंबकाची गाय खाली पडली,
विजेचं बिल पडलं,
आणि मग ते हसणं राहिलं नाही.
आम्ही कुणी जवळ गेलो नाही.
वीत्स्केने तेवढी गाय उचलली,
पुसून जागेवर लावली.

पैसे त्याने अजून दिलेले नाहीत.
दर महिन्याला ती तो आकडा
पुढच्या पानावर उतरवते, न चुकता.

संडासातल्या कॅलेंडरवर एक नाव वाढलंय.
येल्ले, सतरा मार्च.
तो माणूस इथे कधी राहिला नव्हता,
नियमात बसत नाही.
वीत्स्केने पाहिलंय. बोलली नाही.

आज गोळा माझा.
पाचही फुल्ल्या आहेत,
चीज संपत आलंय,
मीठ मी आधीच काढून ठेवलंय.