पान्हा

सकाळी नऊचा खेळ. कोथरूड.
चाळिशीचे आम्ही दोघंच, बाकी सगळी अकरावीची पोरं.

कप्तानाच्या हनुवटीवर एक व्रण होता
मूळ सिनेमात. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही.
पंचवीस वर्षं मी आणि हृषीकेश गोळे
लॉ कॉलेजच्या टेकडीवर बसून तो व्रण रचत आलो:
कधी उल्केचा, कधी बंडातला,
एकदा तर शनीच्या कड्यावरून घसरून.

आता त्याच्या आधीची गोष्ट आली.
अकरा मिनिटं खर्ची घालून त्यांनी सांगितलं,
पान्हा निसटला. यानाच्या तळघरात, बोल्ट पिळताना.
पान्हा!

मध्यंतरात हृषी पॉपकॉर्नकडे बघत म्हणाला,
"एवढ्यासाठी रजा टाकली."

बाहेर ऊन. मेट्रोच्या खांबाखालून
गाडी काढताना आरशात दिसली माझी भुवई
आणि तिच्यातली ती फट.
बायकोला सांगितलंय: लेदरचा बॉल, आंतरशालेय सामना.
पडलो होतो मी नळस्टॉपला,
उभ्या लुनावरून.
हृषीला ठाऊक आहे. मागे तोच बसला होता.

हेल्मेटचा पट्टा लावत तो म्हणाला,
"याच्याही आधीचं काढतील बघ आता."
"मग?"
"मग काय. पहिला दिवस, पहिला खेळ."