बारावा हात

बत्तीस वर्षं झाली, लोकांची डोकी हाताळतो आहे.
तांडापेठेत, टाकीजवळ, दोन खुर्च्यांचं दुकान.
टाळूवर बोटं टेकली की समजते
कोण आवडून डोळे मिटून राहिला
अन् कोण नुसता माझं मन राखून राहिला.

धकाते मास्तरांची मान पाचव्या मिनिटाला
पिकल्या सीताफळासारखी सैल होते.
निनावेचा पोरगा म्हणतो, "मस्त वाटते काका,"
पण खुर्चीचे दांडे त्यानं घट्ट धरलेले असतात.
त्याला मी लवकर मोकळा करतो.
चंपीचे पैसे घेत नाही.

एवढी अक्कल दुकानात.
घरी सुपारी.

रंगावरून नाव पडलं. कापल्या सुपारीसारखीच नक्षी अंगावर.
नवतपा लागला की कूलरच्या टाकीला चिकटून बसते,
ताटीतून ठिबकणारं पाणी कानावर घेत.
मी फरशीवर बसलो की उठते,
नडगीला डोकं घासते, दोनदा,
जसं गिऱ्हाईक आत येताना पायपुसण्यावर.

हनुवटीखाली चालते.
गालावर, मिशीच्या मुळाशी, फार चालते.
पाठीवरून हात फिरवला की मी मोजत जातो.
नवव्याला कातडी थरथरते,
दहाव्याला शेपटीचं टोक फरशीवर टक् करते,
अकराव्याला कान मागे.
अन् हे सगळं दिसूनही
मी बारावा हात फिरवतोच.

मग दात.
दाबत नाही. नुसते ठेवते मनगटावर,
वस्तरा ठेवावा तसे.

"मांजर घराचं, माणसाचं नाही," शेजारचे पराते म्हणतात.
मी म्हटलं, घुरघुरते ना पण, रोज घुरघुरते.

ती घुरघुर घेऊनच सेमिनरी हिल्सला गेलो,
जनावरांच्या दवाखान्यात, टॉवेलात गुंडाळून.
सुईसाठी धरली तर तिथंही घुरघुर,
अन् छाती अशी धडधडत होती
जसं बोटाखाली शिलाई मशीन.
डॉक्टरीणबाई, वयानं लहानच, म्हणाल्या,
"भ्यायली की पण करतात काका. दुखलं की पण.
आवाजावर जाऊ नका."

परतताना ऑटोत बोललो नाही.
बत्तीस वर्षांतले "मस्त वाटते" एकेक आठवत गेले.
मग घरचं आठवलं.

शशिकलाचं डोकं दुखते.
दर रविवारी तेल गरम करतो, ती पाटावर बसते,
काही म्हणत नाही.
न म्हणणं म्हणजे हो, असं मी धरलेलं,
लग्नाला सत्तावीस वर्षं.

त्या रात्री विचारलंच.
"तुले आवडते का, मी डोकं दाबतो ते?"
ती पोळ्या लाटून राहिली होती.
लाटणं थांबलं नाही.
"आवडते," म्हणाली. "पण कानामागं नको.
तिथं दुखते मले."
"कधीपासून?"
"पहिल्यापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"
तिनं पोळी तव्यावर टाकली.
"तुम्ही किती मन लावून करत होते."

आता अकराव्याला थांबतो.
जमते असं नाही. परवा चुकलो,
मनगटावर दोन बारीक ठिपके आहेत अजून.
कधी हात नुसता पुढं करून ठेवतो,
मूठ अर्धी मिटून, तिच्या नाकापासून वीतभर.
आली तर आली.
रविवारी पाटामागं बसून विचारतो, इथं? अन् इथं?
शशिकला म्हणते, पुरे झाली चौकशी, तेल थंडं होऊन राहिलं.

काल रात्री लाइट गेली.
कूलर बंद पडला तसा सगळा तांडापेठ जागा झाला,
गच्चीगच्चीवर खाटा ओढल्याचे आवाज.
आम्ही दोघं फरशीवर ओल्या फडक्यानं मान पुसत.
सुपारी टाकीवरून उतरली, आली,
हातभर अंतरावर बसली,
पाठ माझ्याकडं करून.

मी हात मांडीवर ठेवला.
बोटं मात्र अंधारात हलत होती,
तेल लागल्यासारखी,
आपोआप.