आठवड्यातून दोनदा

तिचं नाव द्वारका.
द्वारका सर्कलशी काही संबंध नाही,
देवळालीगावात भिंतीला टेकून बसते
निळ्या ताडपत्रीवर, हाताशी बर्फाची पेटी.
टेम्पो रात्रीच कसारा चढतो,
नाशिकरोडला पोचेपर्यंत
निम्मा बर्फ घाटातच सांडलेला असतो.

मला मासा म्हणजे सुकट ठाऊक.
आठवडे बाजारातली, कागदाच्या पुडीत पावशेर,
आई कांद्यावर परतायची
आणि शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.
ओला मासा म्हणजे गंगापूर धरणातला रोहू,
तोही मेहुण्याकडे, तोही एकदाच.
तारली हे मला कुणा बाईचं नाव वाटलं असतं.

डॉक्टर वाघचौऱ्यांनी रिपोर्टवर लाल गोल काढला.
फरसाण बंद. तळलेलं बंद.
बांगडा, तारली, पेडवे, आठवड्यातून दोनदा.
त्यातलं तेल चांगलं असतं.
तेल, आणि चांगलं?
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्यात मी,
खोट्याचा वास लांबून येतो मला.
ते म्हणाले, खाऊन बघा.

"पापलेट देऊ, काका?"
नको. ते तिकडचं, स्वस्तवालं, चमकतंय ते.
तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.
मग शिकवलं: डोळा बघा, धुरकट असला तर परवाचा.
पोट दाबा. कल्ला उचला, लाल पाहिजे.
मी तारली उजेडात धरली,
नोट धरतात तशी.
निळी पाठ, चांदीचं पोट
आणि मधोमध एक बारीक चमकती तार.
अस्सल होती.

घरी विजयमालाने एक तवा वेगळा काढून दिला,
"हा तुमचा," म्हणाली,
आणि डिसेंबरच्या गारठ्यात
हॉलच्या खिडक्या सताड उघडून बसली.
लसूण, आमसूल, घरचा काळा मसाला.
तेल घातलंच नाही.
थोड्या वेळाने कडेकडेने चर्र झालं,
तिचं तिनेच सोडलं होतं.
बाजरीच्या भाकरीशी मी हळू जेवलो.
हजाराची थप्पी डोळे मिटून मोजणारी बोटं
काटे मोजताना चुकत होती.

असे मंगळवार गेले, शुक्रवार गेले.
पुढच्या रिपोर्टला गोल जरा लहान झाला.
रस्सा जरा जास्त व्हायला लागला;
वाटीभर कुठे जायचा, मी विचारलं नाही.

मग एका शुक्रवारी द्वारकाने
पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला.
"तुम्ही प्रेसवाले. आकडे कळतात तुम्हाला."
बिटको हॉस्पिटलचा रिपोर्ट.
लाल गोल नव्हता, कुणी काढलाच नव्हता,
पण आकडा मी ओळखला.
माझाच होता, जुना.
काय खाता दिवसभर?
"सकाळी चहा-बटर. दुपारी वडापाव, नाहीतर भजी.
संध्याकाळी जे उरेल ते."
तारली?
"ती कुठे उरते, काका? ती तर तुम्ही नेता."

बर्फातून पाणी ठिबकत होतं.
मी डॉक्टरांचंच वाक्य म्हणालो,
पण माझ्या तोंडून ते काहीतरीच वाटलं,
दुसऱ्याच्या सहीची नोट असल्यासारखं.
तेवढ्यात मोटरसायलवाला एक थांबला,
गाडी चालूच ठेवून म्हणाला, सगळा ढीग कितीला?
द्वारकाने ढिगात हात घातला,
सहा मोजल्या, डोळे बघून, पोट दाबून,
गिऱ्हाईक बघतं तशा.
"बाकीच्या घे. या गेल्या."
कुणाला, ते सांगितलं नाही.
मला त्यातनं पाचच मिळाल्या, त्याच्याशी भांडून.

तवा तापला. कडेला चर्र झालं.
विजयमाला दाराशी येऊन उभी राहिली,
तव्यात बघितलं,
मनातल्या मनात मोजलं,
आणि म्हणाली,
"आज कमी का?"