जो कोणी

शिवाजीनगर कोर्टाच्या मागे, झेरॉक्सच्या वर
माझी नऊ बाय दहाची खोली.
पाटीवर 'जर्मन–मराठी', खाली चहावाल्याचा नंबर,
कारण मी आहे का, हे लोक त्यालाच विचारतात.

भोसरीचे लांडगे आले.
पिवळ्या पाकिटाचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो,
प्रिंट काढून, चार घड्या घालून.
पोरगा श्टुटगार्टला. तीनदा विनातिकीट सापडला.
"मॅडम, एवढंच ना? इथं दंड भरला की सुटतो."
कलम दोनशे पासष्ट-अ, मी वाचून दाखवते,
एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.
"खुनाचं कलमपण ह्याच पुस्तकात?"
ह्याच. चोपन्न आकडे अलीकडे.
ते खुर्ची जरा मागे घेतात,
पुस्तकाला वास यावा तशी.

बहुतेक कलमं एकाच शब्दाने उघडतात.
जो कोणी दुसऱ्याचं बंद पत्र फोडतो.
जो कोणी दुसऱ्याची सायकल त्याच्या मनाविरुद्ध नेतो,
मग पुन्हा जागेवर आणून का ठेवेना.
जो कोणी दुसऱ्याचा अपमान करतो
(इथे सासूबाई आठवतात;
वर्षावर्षाने जन्मठेप भरली असती).
क्रियापद त्यांचंही शेवटी, आपल्यासारखं.
वाक्यभर माणूस मोकळा हिंडतो,
शेवटच्या शब्दाला कडी लागते.

लांडगे गेले. पाचशेची नोट, बाकीचे गूगल पे.
पुस्तक मिटता मिटता तीनशे तेवीस-क:
जो कोणी अपघातात मदत करत नाही,
गरज असताना, शक्य असताना,
स्वतःला मोठा धोका नसताना.

दापोडी, हॅरिस पूल, रात्रीचे अकरा.
कठड्याशी आडवी एक बाई,
तिच्या स्कूटीचं चाक अजून फिरत होतं.
रिक्षावाला म्हणाला, थांबू?
मी म्हणाले, मागचं कोणीतरी थांबेल.

त्यांचा कायदा हॅरिस पुलापर्यंत पोचत नाही.
मला ठाऊक आहे,
'अधिकारक्षेत्र' हा शब्द मी बावीस वर्षं टाइप करते आहे.
त्यांच्याकडे ऋण आणि दोष एकाच शब्दात राहतात.
मराठीत मला दर वेळी
एकाला बाहेर उभं करावं लागतं.

संध्याकाळी ते कलम मी उगाच उतरवलं,
कोणी मागितलं नसताना.
'जी कोणी' असं लिहिलं.
मग खोडलं. कायद्यात तसं चालत नाही.
खालून चहावाला ओरडतोय,
मॅडम, आहात का?