मागचं डावं चाक

गावाचं नाव सजा.
शारजाच्या बाहेर, वाळू आणि भंगाराच्या मधोमध.
पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा अम्मी गप्पच झाली,
मग हळूच म्हणाली, किती वर्षांची?
दोन वर्षांचा करार आहे गं, मग सुट्टी.
आता सोळावं चालू आहे.

इथे डोंगर येतो ट्रकात बसून.
मसाफीहून खडी, खडीमागे खडी,
दुबईला अजून उंच व्हायचं असतं.
खडी ओतून ट्रक माझ्याकडे येतात,
ब्रेकचं लायनिंग विडीच्या पानाइतकं उरलेलं,
हवेच्या टाकीत गंजाचं पाणी,
टायर असे की हात ठेवला की तवा आठवावा.
शेडचा मुदीर कुन्हंमद म्हणतो,
अजून एक ट्रिप चालेल.
चालण्याचं काही नाही, मी म्हणतो,
थांबण्याचं काय ते बोल.

अब्बा चिपळूणच्या एस.टी. डेपोत होते.
गाडी कुंभार्ली चढायच्या आधी
हातात छोटी हातोडी, गालात पान,
एकेका नटावर एकेक टोला.
घट्ट नट म्हणतो टण्ण.
सैल नट म्हणतो थद्.
हे पुस्तकात नाही, म्हणायचे, कान सांभाळ.
पुढे त्यांनाच ऐकू येईना.
निवृत्त झाल्यावर शेजाऱ्याच्या टेंपोला
टोला मारायचे
आणि बोटं टेकवून ऐकायचे.

काल रात्री नऊला गुलझमान आला. बन्नूचा.
चहात चार चमचे साखर, आरशाला लेकीची रिबन.
मागचं डावं चाक उतरवलं,
ड्रम पुसला, लायनिंग बदललं, चाक चढवलं,
तेवढ्यात घरून फोन.
तिकडे साडेदहा झालेले, आणि थोरलीला
भूमितीचा पेपर अवघड गेलेला.
वर्तुळाचा प्रश्न होता, अब्बू,
मी अर्धाच सोडवला.
तिची समजूत घालता घालता हात पुसले,
कागदावर सही केली.
लाल दिवे फाटकाबाहेर गेले.

अडीचला जाग आली.
खोलीत आठ माणसं, एसीची घरघर.
शेवटचा पाना फिरवला होता का?
हाताला विचारलं. हात बोलेना.
दहा नट,
आणि कानात एकही टोला नाही.

कुठे आहेस?
धैदच्या पुढे. रिकामाच आहे, माल भरायचाय.
बाजूला घे.
पश्तोत एक शिवी आली, पण घेतलं त्याने.
दिवे लाव. त्रिकोण ठेव. हातोडी काढ.
फोन चाकाजवळ धर आणि मार.

मी चादर डोक्यावरून ओढली,
एका कानात बोट, दुसऱ्यात वाळवंट.
टण्ण.
टण्ण.
मध्येच एखादा ट्रक जायचा, आवाज पुसून न्यायचा.
थांब, परत.
टण्ण.
खालच्या बाकड्यावरचा झोपेत म्हणाला,
कोण दार वाजवतंय?
सहावा. सातवा.
आठवा
थद्.

दोघेही काही बोललो नाही.
मग त्याने पान्याला नळी अडकवून अंग टाकलं.
सगळं ऐकू येत होतं,
लोखंडाचं कण्हणं, त्याचा दम, बिस्मिल्ला.
परत मार.
टण्ण.
नववाही सैलच निघाला.
हे मी अब्बांना सांगणार नाही.
त्यांना ऐकू येत नाही म्हणून नव्हे.

बस झालं यार, गुलझमान म्हणाला,
उशीर झाला की कुन्हंमद पैसे कापतो.
दहावा, मी म्हटलं.

मसाफीचा उतार मी पाहिलेला नाही,
सोळा वर्षांत एकदाही.
वळणं आहेत म्हणतात, खाली खजुराच्या बागा,
आणि उजाडता उजाडता
शाळेच्या पिवळ्या बसगाड्या लागतात.
मला फक्त तिथली धूळ माहीत आहे,
पिवळसर, मडगार्डच्या आत बसलेली,
पाण्यानेही लवकर न सुटणारी.

टण्ण,
आलं फोनमधून.

ठीक, मी म्हटलं.
आता पुढचं उजवं.