दुष्काळ भिजू नये म्हणून

गहू पोटरीत आला आणि पाणी तोडलं.
बारा वाण, प्रत्येकाचे तीन वाफे, छत्तीस.
बांधापलीकडे तेच छत्तीस, त्यांना मात्र पोटभर.
देवकाबाई मेश्राम म्हणाल्या,
"लोकं पाण्यासाठी देव पाण्यात ठेवतेत, मॅडम,
आन् आपण गव्हाले कोरडं मारून रायलो."
मी म्हटलं, मारत नाही, मोजतो आहोत.
त्यांनी खुरप्याची माती पुसली.
फरक मला नीट सांगता आला नाही.

दुपारी दीडला पानांचं तापमान घ्यायचं.
महाराजबागेच्या बाजूने कुठलंसं जनावर ओरडतं,
रस्त्यावर संत्र्यांची हातगाडी,
काळ्या मातीच्या भेगेत माझी पेन्सिल
गेली ती गेलीच.
प्यायलेला गहू सव्वीस अंश.
तहानलेला एकतीस, बत्तीस.
सातव्या वाणाने पानं वळून घेतली,
इतवारीतलं दुकान भर उन्हात
अर्धं शटर ओढतं तशी.
दिवेलागणीला पुन्हा उघडी.

अकरा फेब्रुवारीच्या रात्री आभाळ गडगडलं.
हरभरावाल्यांना काळजी काढणीची,
आम्ही दोघी ताडपत्री घेऊन धावलो
दुष्काळ भिजू नये म्हणून.
हे मी मोठ्याने बोलले असावे,
कारण देवकाबाई हसल्या,
दातातली दोरी सुटेपर्यंत हसल्या,
आणि एक कोपरा वाऱ्याने नेलाच.
वाफा एकतीस: नोंद बाद.

मार्चमध्ये कापणी, मळणी, हजार दाण्यांचं वजन.
कागदावर सातवा पहिला आला.
पाणी तोडल्यावर सर्वांत कमी त्याचंच घटलं.
मग बांधापलीकडचा आकडा पाहिला:
पोटभर पिऊनही तो जेमतेम तेवढाच.
ज्याच्यापाशी मुळात थोडं
त्याचं जाऊन जाऊन जाणार किती?
सूत्राला हे विचारता येत नाही,
ते भागाकार करून मोकळं होतं.
साहेबांनी शेरा मारला:
स्थिर, पण उत्पन्न कमी. शिफारस नको.

देवकाबाईंनी एक दाणा दाढेखाली धरला.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"कडक हाय. रोडगे चांगले होतीन याचे."
आणि ओंजळ पुढे केली, सहज,
सुपारी मागावी तशी.

नमुन्याच्या पिशवीत दोनशे ग्रॅम होतं.
नियमाने ते शीतकपाटात जातं, वजनाच्या चिठ्ठीसह.
मी चिठ्ठीवर एकशे ऐंशी लिहिलं.