काठ

कायानीत मे महिन्यात तळ्याचा बर्फ
आधी करडा पडतो, मग कडेकडेनं सुटतो,
आणि त्याच सुमारास परीक्षा मंडळाचा लिफाफा येतो:
गणिताच्या यंदाच्या रेघा.

शंभरातले पाच अगदी वर.
पाच अगदी खाली.
बाकीचे मधल्या फुगवट्यात, दाटीवाटीनं.
टेकाड आधीच रचलेलं असतं,
पोरं नंतर येऊन त्यावर उभी राहतात.

ताइमी हैकुराला साठपैकी बारा.
मार्चमध्ये मीच मोजले होते, दोनदा.
सातव्या गणितात तिनं मनोऱ्याची उंची बरोबर काढली
आणि शेवटी मीटरऐवजी अंश लिहिले.
पेन्सिलनं खोडून पुन्हा अंशच लिहिले.

गेल्या वर्षी रेघ अकरावर होती.
यंदा चौदावर.

पेपर सोपा निघाला, उर्पो म्हणाला,
सगळेच वर चढले, मग रेघ तिथंच कशी राहील?
उर्पो संख्याशास्त्र शिकवतो, कॉफी उभ्यानं पितो.
त्याचं चुकत नाही.

मला हेही ठाऊक आहे की
माझ्या वर्षी पेपर भयंकर होता,
सबंध देशातली पोरं डोकं धरून बसली होती,
म्हणून मी नऊ गुणांत पास झाले.
पांढरी टोपी घातली, फोटो काढला,
गणिताची बाई झाले.
हे उर्पोला कधी सांगितलेलं नाही.

दुपारी ताइमी आली, शाळेचा कॅल्क्युलेटर परत द्यायला.
मी वक्र काढून दाखवायला खडू उचलला
आणि नुसताच हातात धरून ठेवला.
तीच म्हणाली,
आमचा लाकडी धक्का दर वसंतात बुडतो.
धक्का तिथंच असतो, बाई,
तळंच चढतं.
बाबा मग गमबूट घालून फळ्या मोजत बसतात.

काठावर पास, आम्ही किती सहज म्हणतो,
जणू काठ कुणी खिळे ठोकून बसवलाय.

सप्टेंबरच्या फेरपरीक्षेचा फॉर्म
तिनं घडी न घालता नेला.
कॅल्क्युलेटर हलका लागला, म्हणून मागचं झाकण उघडलं.
बॅटऱ्या काढून नेल्या होत्या.
त्या तिच्या होत्या.